गाडीच्या छताचं कापड लोंबतंय? पिना मारण्याआधी फोम तपासा

सांगोला (प्रतिनिधी) : ग्रामीण भागात पंधरा-वीस वर्षं वापरलेली चारचाकी म्हणजे घरातलं एक माणूसच. दवाखाना, बाजार, लग्नकार्य, डाळिंबाची पाच-दहा क्रेट मार्केटला पोचवणं, आषाढीला घरच्यांना पंढरपूरला सोडणं, सगळं तिच्यावरच. इंजिन चांगलं असतं, टायर मधे बदललेले असतात, पण आत बसलं की छताचं कापड डोक्यावर येतं. आधी मागच्या काचेजवळ एक फुगा दिसतो, मग मधल्या दिव्याभोवती झोळी होते, आणि एका उन्हाळ्यात सगळं कापड खाली उतरतं.

बहुतेक जण मग टाचण्या मारतात, कोणी सोल्युशन लावून चिकटवतं, कोणी वैतागून कापड फाडून टाकतं. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. कापड का सुटतं हे माहीत नसल्यामुळे हा पैसा आणि मेहनत वाया जाते. हे काम घरी दोन माणसांना एका दिवसात जमण्यासारखं आहे. कुशनवाल्याकडे टाकायचं असलं तरी त्याच्याकडून काय करून घ्यायचं हे गाडीमालकाला माहीत असलं पाहिजे.

हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही

कापड थोडं लोंबलं म्हणून काय बिघडलं, असं वाटू शकतं. पण गाडी रस्त्यावर वेगात असताना काचा उघड्या असल्या की वारा कापडाच्या मागे शिरतो. कापड शिडासारखं फुगतं आणि मधल्या आरशातून मागचं दिसणं बंद होतं. मागून येणारा उसाचा ट्रॅक्टर किंवा एसटी चालकाला दिसत नाही. उंच माणसाच्या डोक्याला कापड घासतं, चालक एका हाताने ते वर ढकलत दुसऱ्या हाताने स्टिअरिंग धरतो. हा प्रकार धोक्याचाच आहे.

दुसरा त्रास धुळीचा. कापडामागून पिवळी-तपकिरी भुकटी गळत राहते. ती डोळ्यांत जाते, कपड्यांवर बसते, मागे बसलेली लहान मुलं खोकतात. दम्याचा त्रास असलेलं माणूस घरात असेल तर अशा गाडीत त्याला बसवू नये.

कापड सुटतं कशामुळे?

साधारण पंचवीस-तीस वर्षांत आलेल्या बहुतेक मोटारींत छताच्या आत एक साच्यात दाबून केलेला पुठ्ठ्यासारखा बोर्ड असतो. तो दाबलेल्या तंतूंचा किंवा काचतंतूचा बनवलेला असतो. त्याच्यावर दोन ते चार मिलिमीटर जाडीचा फोमचा थर आणि फोमवर पातळ विणीचं कापड. कापड आणि फोम कारखान्यातच एकमेकांना जोडून येतात आणि फोमची बाजू बोर्डाला चिकटवलेली असते.

लोकांना वाटतं सोल्युशन सुटलं. प्रत्यक्षात सोल्युशन बहुतेक वेळा बोर्डाला घट्ट असतं. मरतो तो मधला फोम. हा फोम पॉलियुरेथेन जातीचा असतो. ऊन आणि दमट हवा यांनी वर्षानुवर्षं त्याची घडण तुटत जाते. आधी तो चिकट होतो, मग कोरडा पडून त्याचा भुगा होतो. कापडाला धरून ठेवणारा थरच नाहीसा झाला की कापड आपोआप खाली येतं.

आपल्याकडे हे लवकर होतं त्याला कारण आहे. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. अशा दिवशी उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत आतली हवा साठ अंशांच्या आसपास पोचू शकते आणि पत्र्याला लागून असलेलं छत त्याहून तापतं. वस्तीवर गाडीला सावली नसते. असलं तर पत्र्याचं शेड, आणि तेही भट्टीसारखं तापतं. पावसाळ्यात ओली पोती, ओले रेनकोट आत ठेवून गाडी बंद केली जाते, ती वाफ वर जाऊन छतालाच लागते. उन्हाळ्याची भाजणी आणि पावसाळ्याची ओल या दोन्हींनी मिळून फोम संपतो.

आधी ओळखा : आपल्या गाडीचं छत कोणत्या प्रकारचं?

छताचे दोन प्रकार आहेत आणि दोन्हींची दुरुस्ती वेगळी आहे.

पहिला प्रकार सळईवरचा. अ‍ॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी अशा जुन्या गाड्यांत बोर्ड नसतोच. रेक्झिन किंवा कापड आडव्या पट्ट्यांत शिवलेलं असतं. प्रत्येक शिलाईच्या मागे एक नेफा असतो आणि त्यातून कमानीसारखी लोखंडी सळई जाते. सळईची टोकं बाजूच्या भोकांत बसवलेली असतात. कडा ताणून चारही बाजूंनी चिकटवलेल्या असतात.

दुसरा प्रकार बोर्डाचा. इंडिका, सँट्रो यांच्या काळापासून पुढच्या मोटारींत बहुतेक हाच सापडतो. जीप आणि व्हॅन प्रकारच्या गाड्यांत मॉडेल आणि साल यांनुसार दोन्ही प्रकार दिसतात, म्हणून गाडीचं नाव ऐकून ठरवू नये.

ओळखायची सोपी रीत म्हणजे छताला तळहात लावून वर दाबायचं. हाताला कडक पाठ लागली तर बोर्ड आहे. हात पोकळीत गेला आणि आडव्या शिलाया दिसल्या तर सळईचं छत आहे.

सळईच्या छतात फोमचा प्रश्न नसतो. तिथे सळईचं टोक भोकातून निसटलेलं असतं, नेफ्याची शिलाई उसवलेली असते किंवा कडेचं सोल्युशन सुटलेलं असतं. काचेचं रबर आणि कडेची बीडिंग सोडवून सळई परत भोकात बसवायची, उसवलेली शिलाई जाड दोऱ्याने घालायची आणि कड ताणून पुन्हा चिकटवायची. मधल्या भागात सोल्युशन लावून ते पत्र्याला चिकटवायचा प्रयत्न करू नये. तो भाग लोंबू नये म्हणून सळयाच आहेत. रेक्झिन आखडून फाटलं असेल तर जुनं छत उसवून त्याच मापावर नवीन शिवून घ्यावं लागतं आणि ते काम शिलाई मशीन असलेल्या कुशनवाल्याचंच आहे.

फोम मेला की जिवंत आहे?

बोर्डाच्या छतात लोंबलेलं कापड चिमटीत धरून बोटांनी चोळून बघावं. आतून वाळूसारखी भुकटी गळाली किंवा बोटांना चिकट तपकिरी रंग लागला तर फोम मेलेला आहे. मग आज एका जागी चिकटवलं तर उद्या शेजारी सुटणार. सगळं कापड बदलण्याशिवाय इलाज नाही.

भुकटी नाही, कापडामागे फोम मऊ आणि स्पंजासारखा दबून परत वर येतो, आणि फक्त एखादी कड सुटली आहे, असं असेल तर तेवढीच कड चिकटवून भागतं. बीडिंग बाजूला करून कड उचला, बोर्डावर आणि कापडामागे दोन्हीकडे पातळ सोल्युशन लावा, थोडं सुकू द्या आणि दाबा.

जे जुगाड टिकत नाहीत

टाचण्या : साध्या टाचण्या धक्क्याने सुटतात. मान वर करून बसलेल्या माणसाच्या डोळ्यात किंवा सीटवर पडतात. लहान मुलं असलेल्या गाडीत हा प्रकार नकोच. लग्नसराईपुरतं चार दिवस निभवायचं असेल तर मळसूत्रासारख्या पिळाच्या पिना मिळतात, त्या बोर्डात फिरवून बसतात आणि सहसा गळत नाहीत. पण तो तात्पुरताच उपाय.

कापडावरून फवारा : डब्यातलं सोल्युशन कापडामागे नळी घालून फवारलं जातं. ते भुग्याला चिकटतं, बोर्डाला नाही. वर कापडावर तेलकट डाग उमटतात ते कायमचे.

सुतारकामाचा पांढरा फेव्हिकॉल : तो पाण्यातला आहे. बोर्ड पाण्याने फुगतो, मऊ पडतो आणि आकार सोडतो. पंक्चरच्या ट्यूबमधलं सोल्युशनही एवढ्या मोठ्या कामाचं नाही.

कापड फाडून बोर्ड उघडा ठेवणं : दिसायला वाईट असलं तरी यात चालकाला निदान नीट दिसतं. मात्र बोर्ड काचतंतूचा असेल तर अंगाला खाज सुटते. उघडा ठेवायचाच असेल तर उरलेला भुगा घासून काढून बोर्डाला रंगाचा हात द्यावा.

सामान काय लागेल?

कापड घेताना दुकानात छतासाठीचं, मागे फोम लावलेलं कापड मागावं. पडद्याचं कापड, चादर किंवा साडी यासाठी चालत नाही. ती कापडं ताणत नाहीत, त्यामुळे बोर्डाच्या खोलगट जागी सुरकुत्या पडतात. मागे फोम नसल्याने सोल्युशन आरपार येतं आणि बोर्डाचा प्रत्येक खड्डा वरून दिसतो. जाड रेक्झिन वजनाला भारी असतं, ते उन्हात परत खाली येतं.

माप घेताना टेप बोर्डाच्या वळणावरून, खोलगट जागेत दाबत न्यावा. सरळ ताणलेल्या टेपने माप कमी येतं. त्यात प्रत्येक बाजूला १५ सेंटिमीटर जास्तीचं धरावं. समजा बोर्ड साडेपाच फूट लांब आणि चार फूट रुंद आहे. साडेपाच फूट म्हणजे सुमारे १६८ सेंटिमीटर, त्यात ३० मिळवले की जवळपास २ मीटर कापड. रुंदी १२२ सेंटिमीटर, त्यात ३० मिळवले की १५२, म्हणजे ६० इंच पन्हा लागेल. दुकानदाराला पन्हा आधी विचारावा. पन्हा कमी पडला तर मधे जोड येतो आणि जोड तिथूनच सुटायला लागतो.

सोल्युशन कुशनवाले वापरतात ते रबरी, दोन्ही बाजूंना लावायचं घ्यावं. उष्णतेत न सुटणारं द्या, छताला लावायचंय, असं दुकानात स्पष्ट सांगावं. सीटच्या कामाला चालणारं प्रत्येक सोल्युशन छताला चालेलच असं नाही.

याशिवाय दोन-तीन इंची रंगाचा ब्रश, कडक प्लॅस्टिक केसांचा ब्रश, धारदार ब्लेड, पेचकस, थोडा पॉलिश पेपर, मास्क आणि डोळ्यांना चष्मा. मास्क नसेल तर उपरणं तरी घट्ट बांधावं.

बोर्ड बाहेर काढताना

सर्वात आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी. छतात दिव्याची वायर असते, ओढाताणीत ती पत्र्याला टेकली तर फ्यूज उडतो.

इथेच एक गोष्ट तपासावी. दारामधल्या खांबांवर किंवा छताच्या कडेला एअरबॅगची खूण असेल तर त्या गाडीचं छत घरी उघडू नये. बाजूच्या एअरबॅग छताच्या कडेत गुंडाळलेल्या असतात. हे काम माहीतगार मेकॅनिकचं. जुन्या गाड्यांत बहुधा या एअरबॅग नसतात, पण बघून खात्री करावी.

नंतर क्रमाने सगळं सोडवावं : उन्हासाठीच्या दोन्ही झडपा, छताला असेल तर आरसा, मधला दिवा, धरायची हँडल, कपड्याचा हूक, दाराच्या कडेची रबरी बीडिंग आणि खांबांवरची प्लॅस्टिकची कव्हरं. काही गाड्यांत सीट बेल्टचा वरचा बोल्टही काढावा लागतो. तो कसा आणि कोणत्या वायसरसह बसला आहे हे नीट बघून ठेवावं, कारण परत लावताना तो पूर्ण आवळला गेलाच पाहिजे. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढावा. स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत घालून वर नाव लिहावं. शेवटी मागच्या बाजूची प्लॅस्टिकची बटणं काढावीत. जुनी बटणं उन्हाने ठिसूळ झालेली असतात, दोन-चार तुटणारच, तेव्हा जास्तीची आणून ठेवावीत.

आता बोर्ड फक्त कडांवर टेकलेला राहतो. पुढच्या सीट पूर्ण मागे झोपवाव्यात. एक माणूस पुढे, एक मागे असं धरून बोर्ड मागच्या दारातून, आणि मागचं दार नसलेल्या गाडीत पुढच्या डाव्या दारातून तिरपा काढावा. घाई करू नये. बोर्ड एकदा मोडला की त्याची घडी जात नाही, नवीन कापडावरही ती रेघ दिसते.

छत उघडं आहे तोवर पत्रा बघून घ्या

ही संधी पुन्हा लवकर येत नाही. आतून पत्र्यावर गंजाचे डाग किंवा पाण्याचे ओघळ आहेत का बघावं. एकाने आत टॉर्च घेऊन बसावं, दुसऱ्याने वरून हळूहळू पाणी सोडावं. कॅरियरचे नट, अँटेनाचं भोक, पुढच्या-मागच्या काचेचं रबर आणि छताच्या कडेची सांधपट्टी या चार ठिकाणी पाणी शिरतं. ते आधी बंद करावं. गंज पॉलिश पेपरने घासून त्यावर रेड ऑक्साइडचा हात द्यावा आणि वाळू द्यावा. गळती तशीच ठेवून वर नवीन कापड बसवलं तर पहिल्याच पावसाळ्यात डाग पडतो आणि बोर्डही कुजतो.

वस्तीवरच्या गाड्यांत उंदीर ही दुसरी गोष्ट. गाडीतून पेंड, मका, शेंगा नेल्या जातात. सांडलेल्या दाण्यांच्या वासाने उंदीर शिरतात आणि छताच्या पोकळीत घर करतात. घरटं काढून टाकावं आणि दिव्याची वायर कुरतडलेली नाही ना हे पाहावं. कुरतडलेली असेल तर टेप गुंडाळून भागवू नये, तेवढा तुकडा बदलून घ्यावा.

सगळ्यात महत्त्वाचं काम : सफाई

नवीन कापड किती वर्षं टिकणार हे या पायरीवर ठरतं. बोर्ड घराबाहेर, वाऱ्याला पाठ करून, दोन बाजांवर किंवा टेबलावर उपडा न ठेवता सरळ ठेवावा. जुनं कापड ओढलं की सहज निघतं. खाली उरतो तो फोमचा भुगा आणि सोल्युशनचा थर. कडक ब्रशने तो गोल गोल घासत काढायचा. तारेचा ब्रश वापरू नये, त्याने बोर्डाचे तंतू उचकटतात. पाणी अजिबात लावायचं नाही. पेट्रोल किंवा थिनर ओतून धुवायचं नाही, बोर्डाचे थर सुटतात आणि आगीचा धोका वेगळाच.

घासून झाल्यावर हात फिरवून बघावा. हाताला पिवळं लागत असेल तर काम संपलेलं नाही. अर्धा-एक तास तरी हे चालतं आणि कंटाळा इथेच येतो. पण भुग्यावर लावलेलं सोल्युशन भुग्यालाच धरतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात भुग्यासकट खाली येतं.

बोर्डाचा कोपरा तुटला असेल तर मागच्या बाजूने सुती कापडाची पट्टी त्याच सोल्युशनने लावून तो सांधावा आणि वाळल्यावरच पुढे जावं.

कापड चिकटवायची रीत

काम सावलीत, पण उघड्यावर करावं. या सोल्युशनची वाफ लगेच पेट घेते आणि बंद खोलीत डोकं गरगरतं. जवळ चूल, गॅस, बिडी-सिगारेट काही नको. मुलांना लांब ठेवावं. गाडीच्या आत बसून हे काम करू नये.

कापड बोर्डावर पसरून चारही बाजूंना सारखं जास्तीचं आहे का बघावं. मग पुढचा अर्धा भाग मागे दुमडावा, म्हणजे अर्धा बोर्ड उघडा होईल. उघड्या बोर्डावर आणि दुमडलेल्या कापडाच्या फोमवर, दोन्हीकडे, सोल्युशनचा पातळ आणि सारखा हात द्यावा. जाड लावलं तर फोममधून आरपार येतं आणि डाग पडतो. कडांना मात्र दोनदा लावावं.

लगेच चिकटवायचं नाही. डब्यावर लिहिलेल्या वेळेइतकं, साधारण दहा-पंधरा मिनिटं थांबावं. बोट लावलं तर चिकट लागेल पण बोटाला तार येणार नाही, ही खूण. ओलं असताना चिकटवलं तर वाफ आत अडकून नंतर फुगे येतात.

आता मधल्या रेषेपासून कापड हळूहळू खाली सोडत तळहाताने दाबत पुढे जावं. दाब मधून कडेकडे द्यावा. दिव्याची, झडपांची खोलगट जागा आली की आधी कापड त्या खोलीत दाबून बसवावं, मग पुढे न्यावं. इथेच चूक होते. कापड ताणून खड्ड्यावरून पुलासारखं गेलं की त्याखाली काहीच चिकटत नाही, आणि छत पुन्हा लोंबायला सुरुवात त्याच खड्ड्यापासून होते. सुरकुती आली तर लगेच अलगद उचलून परत बसवावं. पूर्ण दाबल्यावर उचललं तर फोम फाटतो.

अर्धा भाग झाला की दुसरा अर्धा दुमडून तसंच करावं.

कडा मागे वळवून दोन-तीन सेंटिमीटर चिकटवाव्यात, उरलेलं कापड ब्लेडने कापावं. दिवा आणि हँडलच्या जागी गोल भोक कापू नये. ब्लेडने फुलीच्या आकाराचा चिरा द्यावा आणि पाकळ्या आत दुमडाव्यात. भोक मोठं झालं तर दिव्याच्या बाजूने ते उघडं दिसतं आणि मग उपाय नाही.

बोर्ड रात्रभर सावलीत सपाट ठेवावा. चोवीस तास मिळाले तर उत्तम. संध्याकाळी चिकटवून लगेच गाडीत बसवलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी उन्हात उभी केली तर कच्चं सोल्युशन सुटतं.

परत बसवताना

हात स्वच्छ धुऊन घ्यावेत, फिकट कापडावर ग्रीसचा डाग पडला की निघत नाही. बोर्ड ज्या वाटेने काढला त्याच वाटेने आत न्यावा. आधी दिव्याची वायर भोकातून खाली घ्यावी. मग झडपांचे आणि हँडलचे स्क्रू सैल लावून बोर्ड जागेवर आणावा आणि सगळे बसल्यावर आवळावेत. नंतर मागची बटणं, खांबांची कव्हरं आणि सर्वात शेवटी बीडिंग. काढलेला सीट बेल्टचा बोल्ट पूर्ण आवळून, बेल्ट जोरात ओढून तपासावा. बॅटरी जोडून दिवा लावून बघावा, आरसा चालकाच्या नजरेला लावून घ्यावा.

कुशनवाल्याकडे देताना काय विचारायचं?

सगळ्यांना घरी वेळ नसतो. तालुक्याच्या गावी कुशन वर्क्सची दुकानं आहेत. बहुतेक संवाद असा होतो : गिऱ्हाईक म्हणतं, "मामा, छत नीट करायला किती घ्याल?" आणि मामा एक आकडा सांगतात. त्या आकड्यात काय धरलंय हे कोणी विचारत नाही. म्हणून गाडी टाकण्याआधी पुढच्या गोष्टी बोलून घ्याव्यात.

१) बोर्ड बाहेर काढून करणार की गाडीतच? गाडीतच वरून कापड लावणार असतील तर काम देऊ नये.

२) जुना फोम पूर्ण घासणार का? सफाई झाल्यावर, कापड लावण्याआधी बोर्ड आपल्याला दाखवावा, असं सांगावं.

३) कापडाला मागे फोम आहे का? तुकडा हातात घेऊन बघावा.

४) बिलात कापड, सोल्युशन, काढणं-बसवणं हे सगळं धरलंय का? तुटलेल्या बटणांचे पैसे वेगळे का?

५) एका उन्हाळ्यात सुटलं तर पुन्हा करून देणार का? तोंडी का होईना, हे ठरवून घ्यावं.

दोन दुकानांत विचारून दर काढावा. फक्त स्वस्त बघू नये, बोर्ड काढून, घासून काम करणाऱ्याचा दर थोडा जास्त असणारच.

खर्च करावा की नाही?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांपुढच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. याशिवाय पर्यावरण कर आणि विमा येतोच. गाडीच्या वयानुसार आजची नेमकी रक्कम आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावी.

म्हणून पैसा कुठे घालायचा याचा क्रम ठरवावा. ब्रेक, टायर आणि स्टिअरिंग पहिलं. खालचा पत्रा गंजून पाय खाली जायची वेळ आली असेल तर छतावर खर्च करण्यात अर्थ नाही. ते सगळं ठीक आहे आणि गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवायची आहे, तर छत जरूर करावं. गाडी महिन्या-दोन महिन्यांत विकायचीच असेल तर नवीन कापडाचे पूर्ण पैसे वसूल होतील असं धरून चालू नये. मात्र लोंबतं छत दाखवून घेणारा किंमत पाडतो, हेही लक्षात ठेवावं.

नवीन छत टिकवण्यासाठी

गाडी उन्हात लावायची झाली तर काच बोटभर उघडी ठेवावी, आतली गरम हवा निघून जाते. पत्र्याच्या शेडवर कडबा किंवा उसाचं पाचट टाकलं तर खालची उष्णता कमी होते, पण उंदीर आणि आगीकडे लक्ष ठेवावं. छतावर जुनं गोणपाट टाकणारे बरेच आहेत. ते कोरडं असेल तर चालेल, ओलं गोणपाट पत्रा गंजवतं.

पावसाळ्यात ओलं सामान काढून घेऊन ऊन पडेल तेव्हा दारं उघडी ठेवावीत. महिनाभर न वापरलेली गाडी आठवड्यातून एकदा तरी उघडून हवेशीर करावी. सर्व्हिसिंगला गाडी धुताना छताच्या कापडाला पाण्याचा फवारा किंवा शाम्पूचा ब्रश लावू देऊ नये. डाग पडला तर किंचित ओल्या फडक्याने वरचेवर टिपावा, घासू नये.

उन्हाळा सुरू होण्याआधी, माघ-फाल्गुनात हे काम करून घेतलेलं बरं. तेव्हा हवा कोरडी असते, सोल्युशन नीट सुकतं आणि ऊन अजून भाजणारं नसतं. भर पावसाळ्यात दमट हवेत चिकटवलेलं छत लवकर सुटण्याची शक्यता जास्त, त्यामुळे ज्यांचं कापड आत्ताच पूर्ण खाली आलंय आणि बाहेर पाऊस चालू आहे, त्यांनी ते तात्पुरतं काढून ठेवावं, आरसा मोकळा करावा आणि उघडीप मिळाल्यावर काम हाती घ्यावं.